शेजारच्या सीटवरचा ब्रेक

"कोणी शिकवलं असेल गं याला?"

मावशी हे वाक्य रागाने म्हणत नसे. खरोखरच प्रश्न पडल्यासारखं म्हणायची. समोरून उलट्या दिशेने एखादी मोटरसायकल यायची, वर आपल्यालाच हाताने 'सरका, सरका' करायची, आणि मावशी तोंड अर्धवट उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहायची. एकदा एक माणूस चालत्या गाडीत आरशात बघून मिशी कातरत होता. एकदा एका बाईने पुलावरून गाडी मागे मागे घेत आणली, कारण तिचं वळण चुकलं होतं. आम्ही बाकीचे या सगळ्याला निबर झालो होतो. मावशी मात्र घरी येऊन चप्पल काढता काढता काकांना सांगायची, "अहो, कात्री होती त्याच्या हातात." आणि काका म्हणायचे, "मग? वस्तरा असता तर जास्त वाईट."

मावशीचा धंदा गाडी शिकवण्याचा. टेलरबाईंचं दुकान आणि एक झेरॉक्सवाला यांच्या मध्ये तिचं चिमुकलं ऑफिस होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि दाराबाहेर ती पांढरी गाडी. गाडीच्या टपावर 'शिकाऊ' असा फलक. मावशीचं म्हणणं असं, की लोकांना तो फलक नीट वाचता येतो, पण त्यांना त्यावर 'मला डिवचा' असं लिहिलेलं दिसतं.

मी तेव्हा तिच्याकडे राहायला होते. सकाळच्या पहिल्या शिकवणीला मागच्या सीटवर बसायचं आणि कॉलेजच्या चौकात उतरायचं, असा माझा क्रम. त्या वेळी शिकायला एक बँकेतले काका यायचे. निवृत्तीला आलेले, इस्त्रीच्या शर्टातले, आणि स्टिअरिंग असं धरायचे की जणू कोणी ते हिसकावून नेणार आहे.

"मॅडम, मागचा हॉर्न वाजवतोय."

"वाजवू दे. हॉर्नने गाडी ढकलली जात नाही."

"शिव्याही देतोय."

"त्याची काच बंद, आपली काच बंद. तुम्हाला कशा ऐकू आल्या?"

"ओठांवरून कळतायत."

"आरशात गाडी बघायची, काका. ओठ नाही."

तेवढ्यात डावीकडून एक टेंपो आमच्या नाकासमोरून आडवा गेला. बँकेतल्या काकांनी श्वास आत ओढला तो सोडलाच नाही. गाडी मात्र लोण्यात सुरी थांबावी तशी अलगद थांबली. मावशीने टेंपोकडे बघून आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं, आणि मग शेजारी वळून म्हणाली, "छान थांबवलीत हां. अगदी वेळेवर."

"हो?" काकांचा श्वास सुटला. "पाय बसायला लागलाय वाटतं माझा."

"बसणारच."

मावशीच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारच्या सीटवर मावशीच्या उजव्या पायाशी. दोन्ही खालून एका सळईने जोडलेले. शिकवणाऱ्या सगळ्यांच्याच गाड्यांना असा असतो, पण मावशीचा पाय खास होता. बाकीचे शिक्षक खाडकन ब्रेक मारतात, वर ओरडतात, आणि शिकणारा घरी जाऊन रडतो. मावशीचा पाय कोणाला कळायचासुद्धा नाही. घाबरलेला माणूस गाडी चालवत नाही, गाडीला लोंबकळतो, असं ती म्हणायची. म्हणून आधी भीती घालवायची. तिच्याकडे शिकलेला माणूस परीक्षेत सहसा नापास व्हायचा नाही, आणि या गोष्टीचा तिला इतका अभिमान होता की बोलायची गरज पडत नसे. ते काम घरी आमचे काका करायचे.

ताई, म्हणजे मावशीची मुलगी, तीही याच गाडीत शिकली होती. लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं. नंतर चालवायला गाडी नव्हती, म्हणून ते पर्समध्ये नुसतं पडून होतं.

ताई प्रयोगशाळेत काम करायची. तिची आधीची कंपनी बंद पडली आणि मग मुलाखतीमागून मुलाखती, 'कळवतो'मागून 'कळवतो'. घरात तिच्यासमोर कोणी नोकरी हा शब्द काढत नसे. काका वर्तमानपत्राचं ते पान आधीच काढून ठेवायचे. आणि एक दिवस औषधांच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. कारखाना शहराबाहेर, पुलापलीकडे, बस जिथे तोंडही दाखवत नाही अशा जागी. हजर व्हायचं सोमवारी. त्यांनी एकच विचारलं होतं, रोज वेळेवर पोचाल कशा? ताई म्हणाली, गाडी चालवते मी.

काकांच्या मित्राची जुनी राखाडी गाडी पडून होती, ती आली. शनिवारी सकाळी एक फेरी मारून बघू असं ठरलं. ताई चालवणार, शेजारी मावशी, मागे मी. काका फाटकाशी उभे.

"काच पुसली का?" काकांनी विचारलं.

"पुसली बाबा."

"आरसे?"

"पुसले."

"आईला काय सांगितलंस?"

"गप्प बसायला."

"मग जा. सगळी तयारी झाली."

रस्त्यावर शनिवारचीच काय, दोन शनिवारांची गर्दी होती. पाण्याचा टँकर गळत गळत मधोमध चाललेला. एक रिक्षावाला मागे वळून प्रवाशाशी गप्पा मारत होता, गाडी आपली पुढे जातेच आहे. फोन खांद्याने कानाला लावलेला एक मोटरसायकलवाला मान वाकडी करून आमच्या अंगावर आला.

"कोणी शिकवलं असेल गं—"

"आई."

"बरं."

ताई छान चालवत होती. आरसा, दिवा, गिअर, सगळं जिथल्या तिथे. नाही म्हणायला दोन-तीन ठिकाणी गाडी थांबायला हवी होती त्याच्या जरा पुढे जाऊन थांबली. एकदा सिग्नलच्या पट्ट्यावर चढली. "अंतर ठेव गं," मावशी म्हणाली. ताई म्हणाली, "ठेवलंय, ही गाडीच जरा आळशी आहे." गाडी हळू चालली होती, आजूबाजूला सगळे मुंगीच्या पावलाने सरकत होते. कोणालाच काही वाटलं नाही.

मग पूल आला. वर चढलो तशी गर्दी विरळ झाली, आणि उतरताना गाडीला आपोआप वेग आला. उताराच्या तळाशी आमच्या पुढे एक बस होती. ती थांब्यापर्यंत न जाता भर रस्त्यात, मधल्या पट्ट्यात उभी राहिली. दार उघडलं आणि माणसं रस्त्यावरच उतरायला लागली.

"बघ आई, कसा मध्येच थांबलाय," ताई म्हणाली. अगदी शांतपणे. चहाचा कप पुढे करावा तशा आवाजात.

बस मोठी होत गेली.

मला पुढच्या सीटखालून 'थप' असा आवाज ऐकू आला. मग पुन्हा, थप. मावशीचा उजवा पाय होता तो. समोरच्या रबरी पायपुसण्यावर ती जीव खाऊन पाय दाबत होती, जिथे पांढऱ्या गाडीत ब्रेक असतो तिथे. इथे काही नव्हतं. पायपुसणं चुरगळून गोळा झालं. ताईने बसला चुकवायला गाडी बाजूला घेतली, आणि नेमका त्याच बाजूला एक म्हातारा माणूस, खांद्याला कापडी पिशवी, बसच्या कडेने पुढे आला.

मावशीने दोन्ही हातांनी हँडब्रेक वर ओढला.

गाडीची शेपटी फिरली, माझं डोकं काचेवर आपटलं, आणि सगळं थांबलं. म्हाताऱ्याचे दोन्ही तळवे आमच्या बॉनेटवर होते. जणू तोच गाडी ढकलत मागे नेणार होता. तो आम्हाला एकेक करून बघत होता, आधी ताई, मग मावशी, मग मी.

"बाई," तो म्हणाला, "मी उतरतोय ना अजून."

एवढंच. तळवे उचलले, पिशवी सारखी केली आणि गेला. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. शेवटी मावशीच म्हणाली, "कडेला घे." गाडी कडेला लागली. एका बंद गॅरेजसमोर, पत्र्याच्या सावलीत.

"ब्रेक का नाही दाबलास?"

"दाबला होता."

"दाबला असतास तर—"

"आई, माझा पाय ब्रेकवरच होता. पहिल्यापासून होता. ही गाडीच थांबत नाही. बाबांच्या मित्राने खटारा गळ्यात मारलाय." ताईचे ओठ पांढरेफटक पडले होते.

मावशी उतरली. ताईला बाजूला बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसली, गॅरेजच्या गल्लीत गाडी जराशी पळवली आणि ब्रेक दाबला. माझं नाक पुढच्या सीटवर आपटलं. गाडी खिळा ठोकल्यासारखी उभी.



मग मावशीने एक विचित्र गोष्ट केली. ताईला पुन्हा ड्रायव्हरच्या जागी बसवलं, दार उघडं ठेवलं, आणि स्वतः भर गल्लीत, धुळीत, गुडघ्यांवर बसली. हात आत घालून तिने ताईची सँडल आणि ब्रेक यांच्या मध्ये आपला तळवा सरकवला.

"दाब."

"आई, हात काढ. लागेल."

"दाब म्हणते ना."

"दाबलाय."

"दाब."

"दाबलाय की."

मावशी तशीच राहिली. वर बघितलंच नाही तिने. नंतर तिने मला सांगितलं, तिच्या हातावर चिमणी बसावी तेवढा भार होता.

"तू नुसता पाय ठेवतेस," ती हळूच म्हणाली.

"मग? तसंच करायचं असतं ना? पाय ठेवला की ब्रेक आपोआप खाली जातो. तुझ्या गाडीत जातो तसा."

मावशीने हात बाहेर काढला. उठता येईना म्हणून गाडीचं दार धरलं, आणि दार धरूनही उठली नाही. ती गल्लीच्या तोंडाकडे बघत होती. तिथून मोठा रस्ता दिसत होता आणि त्यावरून गाड्या, गाड्या, गाड्या. तिच्या चेहऱ्यावर ते नेहमीचे, तोंड अर्धवट उघडं ठेवलेले भाव आले. फक्त या वेळी वाक्य आलं नाही.

घरी येताना ती स्टिअरिंगवर होती. सायकलीसुद्धा आम्हाला मागे टाकून गेल्या.

चप्पल न काढताच ती टेलरबाईंच्या दुकानात गेली. मी मागोमाग. टेलरबाई तिच्याकडे शिकून स्वतःची छोटी गाडी चालवत होत्या. त्या तोंडात टाचण्या धरून कोणाच्या तरी बाहीला हात लावत होत्या.

"एक विचारायचं होतं," मावशी म्हणाली. "तुम्ही गाडी थांबवता कशी?"

टेलरबाईंनी टाचण्या काढल्या. "म्हणजे कशी? घराशी म्हणताय?"

"घराशी, कुठेही."

"घराशी मी आपली कुंपणाच्या भिंतीला टेकवते."

मावशीने शिलाईमशीनचा कोपरा धरला. "टेकवता?"

"हळूच हो. नुसता मुका. तुमच्या गाडीत कशी पाय लावला की थांबायची. आमची जरा हट्टी निघाली. यांना मी म्हटलं, बदलून आणू या, तर हे म्हणाले, भिंत आपलीच आहे."

"आणि सिग्नलला?"

"सिग्नलला मी लांबूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेते. मग ती दमते. मागचे कोकलतात, पण मी काही त्यांच्या ओठांकडे बघत नाही. तुमचीच शिकवण." आणि त्या गोड हसल्या.

बाहेर आल्यावर मावशीने बँकेतल्या काकांना फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत होतं, कारण ते फोनवर सभेत बोलल्यासारखे बोलायचे. मॅडम, परीक्षा झाली की लगेच मुलाची गाडी घेऊन निघणार आहे मी, ते म्हणाले, सगळं जमतंय आता, ब्रेक तर तुम्हीच म्हणालात, अगदी वेळेवर. मावशी म्हणाली, "काका, माझ्यासाठी एक करा. मी सांगेपर्यंत त्या गाडीत बसूसुद्धा नका."

जेवायला बसलो तेव्हा आमच्या काकांनी एकदा तोंड उघडलं. "म्हणजे इतकी वर्षं आपण घरी येऊन ज्यांच्या नावाने खडे फोडत होतो, ते निम्मे—" मावशीने त्यांच्याकडे बघितलं. काकांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो कितीतरी वेळ पीत राहिले.

ताई अन्नाला शिवत नव्हती. "परीक्षेच्या दिवशी पण तूच होतीस शेजारी," ती म्हणाली.

"परीक्षा घेणारे साहेब झाडाखाली उभे होते. पुढे जा म्हणाले, मागे या म्हणाले, थांबवा म्हणाले."

"आणि तू थांबवलीस."

"मी ठरवून नाही केलं गं. पायाला कळतच नाही माझ्या. पुढे काही दिसलं की तो जातो."

"आई, घरी बसल्यापासून माझं एकही काम धड होत नव्हतं. तेव्हा स्वतःलाच सांगायचे, गाडी तर पहिल्या फटक्यात आली होती ना मला." ताईचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तेवढं एक होतं माझ्याकडे. मी सोमवारी फोन करून सांगते, नाही जमणार."

मावशी उठून तिच्या पाठीमागे उभी राहिली. हात लावायला गेली आणि लावला नाही. "सोमवार परवा आहे," ती म्हणाली. "उद्या ये माझ्याबरोबर. एकदाच. मग कर फोन."

रविवारी आम्ही जुन्या गोदामांमागच्या रिकाम्या मैदानावर गेलो, तीच राखाडी गाडी घेऊन. मावशी शेजारच्या सीटवर बसली, पट्टा लावला, आणि मग दोन्ही पाय वर घेऊन चक्क मांडी घातली.

"हे काय?" ताई म्हणाली.

"चालव."

"आई, विचित्र दिसतंय."

"मलाही वाटतंय. चालव."

पहिल्या फेरीत ताईने पाय ठेवला आणि गाडी मावशीने रचलेल्या रिकाम्या खोक्यांतून आरपार गेली. मावशीचा उजवा पाय मांडीतून सुटून खाली आला होता. तिने तो उचलून पुन्हा वर ठेवला. दुसऱ्या फेरीत पुन्हा सुटला. शेवटी ती मला म्हणाली, "तुझी ओढणी दे," आणि मी तिचे गुडघे एकमेकांना बांधले. चांगली गाठ मार म्हणाली. त्या क्षणी ताईला हसू फुटलं. कालपासूनचं पहिलं.

"थांबेल की नाही याचा विचार करू नकोस," बांधलेली मावशी म्हणाली. "माझा पाय नाहीये. कोणाचाच नाहीये. तुझाच आहे."

आणि ताईने दाबला. खरोखर दाबला. गाडी तोंडावर पडल्यासारखी थांबली, तिघी पट्ट्यांत लटकलो, सैल पट्ट्यामुळे मावशीचं कपाळ पुढे आपटलं.

"लागलं?"

"खूप लागलं," मावशी कपाळ धरून म्हणाली. "पुन्हा मार."

दुपारपर्यंत खोकी जिवंत राहायला लागली. मग मावशी म्हणाली, चल पुलावर. ओढणी सोडू का, असं मी विचारलं तर नको म्हणाली.

पूल उतरताना ताईच्या मानेवर घामाची रेघ दिसत होती. तळाशी पुन्हा एक बस, पुन्हा मधल्या पट्ट्यात. मावशीने डोळे मिटले नाहीत, पण सीट दोन्ही हातांनी धरली, आणि ओढणीच्या आत तिचे गुडघे झटका बसल्यासारखे हलले. गाडी थांबली. बसच्या मागे, चांगलं अंतर ठेवून. धक्का मात्र असा, की मागच्या गाडीला करकचून ब्रेक लावावा लागला. त्या माणसाने गाडी आमच्या शेजारी आणून काच खाली केली.

"काय हो, कोणी शिकवलं तुम्हाला?"

मावशीनेही काच खाली केली. "मी."

त्याने पुढचं काहीतरी तोंडात आणलं होतं. मग त्याची नजर खाली गेली. मांडी घातलेली, गुडघे ओढणीने बांधलेली, कपाळावर टेंगूळ आलेली बाई त्याच्याकडे गंभीरपणे बघत होती.

"कालपर्यंत चुकीचं शिकवलं," ती म्हणाली. "दुरुस्ती चालू आहे. तुम्ही पण जरा अंतर ठेवत जा."

माणूस काच वर करायलाही विसरला.

संध्याकाळी ताईने फोन हातात घेतला, बराच वेळ घेऊन बसली, आणि मग गजर लावून ठेवून दिला.

सोमवारी सकाळी ती एकटीच निघाली. काकांनी आरसे पुसले आहेत का, विचारलं नाही. मावशी फाटकाशी उभी होती. शेजारची सीट रिकामी असलेली गाडी तिने कधी बाहेरून बघितलेलीच नव्हती. ती नेहमी आत असायची. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे एक टेंपो आपला उलट्या दिशेने वळत होता, शीळ घालत, कोणाची पर्वा न करता. राखाडी गाडी त्याच्याकडे चालली होती.

मावशीचा उजवा पाय फाटकाच्या पायरीवर दाबलेला होता. टाच वर, चवडा खाली, बोटं पांढरी.

गल्लीच्या टोकाला दोन लाल दिवे लागले.

मावशी अजून पाय उचलत नव्हती. टेंपो गेला, दिवे विझले, गाडी वळली, तरी ती तशीच. मग काका तिच्या कोपराला धरून म्हणाले, "सोड आता. थांबली ती."